फुकट कोणाला, उधार कोणाला

'फुकट दिलं की किंमत राहत नाही.' आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर अ‍ॅडमिशनच्या मोसमात हे वाक्य येतंच. निमित्त मुलींच्या फीमाफीचं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. वाक्य टाकणारा माटुंग्याला माझ्याच बाकावर बसायचा. अनुदानित कॉलेज, फी नावापुरती. त्याच्या डिग्रीची किंमत राहिली की, दादरला फ्लॅट झालाय त्याचा.

मी जर्मनीतल्या स्टुटगार्टहून लांबलचक उत्तर लिहिलं. आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने २००७ मध्ये सेमिस्टरला ५०० युरो फी लावली आणि २०१२ मध्ये काढूनही टाकली. त्यानंतर शिकलेल्यांनी बनवलेल्या गाड्यांचे ब्रेक अजून लागतात. (चौथीनंतरच मुलांची वाटणी होते, कोण गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार आणि कोण नाही, हे मी लिहिलं नाही. तो विषय वेगळा.)

फुकट-फुकट म्हणणाऱ्यांनी एकदा कॉलेजच्या फीच्या खिडकीवर उभं राहावं. भांडुपला माझ्या भावाची मुलगी या माफीत बसते. कॉलेजने सांगितलं, 'आधी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ.' डेव्हलपमेंट फी माफीत नाहीच. भावाने एफडी मोडली. कॉलेजलाही पूर्ण दोष देववत नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासून त्यांचे पगार फीवरच निघतात. म्हणजे सरकारने आधी अनुदानाचा हात आखडता घेतला, मग शुल्क नियामक प्राधिकरणाकडून फीचा आकडा ठरवून घेतला, आणि आता गरिबांच्या वाटची फी आपण देतो म्हणतं, पण देतं सवडीने. मधल्या काळातली उधारी भांडुपच्या वन-रूम-किचनने चालवायची. इथे जर्मनीत राज्याचा पैसा थेट विद्यापीठाला जातो. मुलं सेमिस्टरबायट्राग, म्हणजे सत्राची वर्गणी, भरतात आणि मेन्साला, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, जेवायला जातात.

बाकमित्राचं उत्तर एका ओळीत आलं. 'तू शिकलीस आमच्या करावर, कर भरतेस जर्मनीला. तू कशाला बोलतेस?'

आईचा मेडिक्लेम मी भरते, भावाला अडीअडचणीला पैसे पाठवते, असं बरंच टाइप केलं. मग पुसलं. हा काय हिशेब द्यायचा!

पण झोंबलं, कारण हेच वाक्य मी इथे बोलले आहे. २०१७ मध्ये याच राज्याने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी लावली. ऑफिसच्या कँटीनमध्ये चर्चा निघाली तेव्हा एक जर्मन बाई तावातावाने विरोध करत होती, आणि मी म्हणाले, 'आमच्या करातून बाहेरच्यांनी का शिकावं?' कोणी हसलं नाही. मला तेव्हा त्यात काही खटकलंही नाही. इतकी वर्षं कर भरल्यावर एवढं म्हणायचा हक्क मिळतो, असंच वाटलं होतं.

आता भाची विचारते, 'आत्या, मास्टर्सला तिकडे येऊ का?' तिला फी सांगितली, ब्लॉक्ड अकाउंटचं (व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच खात्यात अडकवून ठेवायचे) सांगितलं, वर 'नियम सगळ्यांना सारखाच आहे गं' असंही म्हणाले. मुलगा शेजारीच बसला होता. त्याचं आबिटुर, म्हणजे बारावीसारखी शाळेची शेवटची परीक्षा, इथलं, त्यामुळे त्याला हा नियम लागत नाही. तो मुंबईला शिकायला गेला, तर तिथल्या विनाअनुदानित कॉलेजात एनआरआय कोट्यातून जाईल.