एक ऑक्टोबरचा पट

परळच्या ज्या पालिका शाळेत मी सातवीपर्यंत शिकलो, तिथले मराठी वर्ग यंदा बंद होणार, असा निरोप माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला. पाठोपाठ वळलेल्या मुठींची रांग. मी तो वाचला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, बाराशे वस्तीच्या गावात. घराच्या तिन्ही बाजूंना मका, आणि गावात विषय एकच: शाळा.

आयोवात दरवर्षी १ ऑक्टोबरला पट मोजतात आणि पुढच्या वर्षीचा राज्याचा पैसा त्यावर ठरतो. पाच-सहा पोरं घटली की शिक्षकाच्या पगाराची ओढाताण. त्यामुळे कुणाकडे पाळणा हलणार इथपासून हिशेब चालतो. मूल शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे दुसऱ्या शाळा-मंडळाच्या हद्दीत, घालायची मुभा १९८९ पासून आहे. २०२३ च्या कायद्याने खाजगी शाळेच्या फीलाही सरकारी पैसा मिळू लागला. सगळी वजाबाकीच. निकालाचं म्हणाल, तर माझ्या मुलीच्या वर्गात अकराजण. दोघं गणितात घसरले की वर्गाचे १८ टक्के गेले, आणि त्यावरून शाळेची पत ठरवणारे महाभाग इथेही आहेतच.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या डिस्ट्रिक्टशी एकत्र व्हायचं का, यावर मतदान होतं. आधी शाळेच्या जिममध्ये सभा झाली. बियाणं विकणारा शाळा-बोर्डाचा सदस्य बोलायला उठला, तर मागून एका आजीबाईंनी विचारलं, "तुझी धाकटी कुठल्या शाळेत जाते रे?" ती शेजारगावी जाते, हे साऱ्या गावाला ठाऊक. गडी लालबुंद झाला, पण उत्तर दिलं: आपल्याकडे फिजिक्सला शिक्षक नाही. मी इथे बाहेरचा; मला मत नाही, फक्त कर आहे. तरी तीन मिनिटं बोलू दिलं. हायस्कूल गेलंच शेवटी. मोठी मुलं आता चाळीस मिनिटं पिवळ्या बसमध्ये असतात.

मुंबईत असं विचारायचं कुणाला? मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून जास्त काळ पालिकेत नगरसेवकच नव्हते, मग शिक्षण समिती कुठली? इमारत धोकादायक ठरते, मुलं 'तात्पुरती' हलवतात, आणि पुढे पट नाही म्हणून कुलूप. पट घटला हे खोटं नाही. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, माणसं विरार-बदलापूरला गेली; उरलेल्यांनी इंग्रजी माध्यम गाठलं. माझा सख्खा भाऊही त्यातलाच. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचे जीआर सरकारला मागे घ्यावे लागले तेव्हा इथे बसून माझीही छाती फुगली होती. पण मराठी वर्गांना टाळं लागताना तेवढा आवाज होत नाही. त्या आजीबाई तेव्हा मुंबईत हव्या होत्या.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: पट किती होता, आणि बंद करण्याआधी पालकसभा झाली का?

एकाने लिहिलं, "तिकडे बसून बोलायला काय जातं?" बरोबरच आहे, माझी मुलगी मराठी बोलते, वाचत नाही. बऱ्याच वेळाने दुसऱ्याने आकडा टाकला: पहिली ते चौथी मिळून नऊ. सभेचं कुणालाच माहीत नव्हतं.