नाकान की मानेन?

तात्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन शुक्रवारी झालं आणि रविवारी रेस होत्या, यात डॉक्टरांचा काही दोष नाही. डोळ्याला पाणी लावू नका, वाकू नका, धुळीत जाऊ नका, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, सगळं त्यांनी नीट सांगितलं होतं. पुतण्याला पळवू नका, एवढंच सांगायचं राहून गेलं.

तात्या माझे सख्खे काका. १९८२च्या संपापर्यंत लोअर परळच्या गिरणीत होते. गिरणी गेली, चाळीतली खोली गेली, महालक्ष्मीचं रेसकोर्स तेवढं डोक्यात राहिलं. तिथे १८८३पासून घोडे पळतायत, पण तात्यांचं बोलणं ऐकलं तर ते यायच्या आधी नुसते चरत असावेत. पैसे लावणं काकीने शपथ घालून बंद केलं. आता तात्या सुपाऱ्या लावतात. बुकी स्वतः काकी. हरलेल्या सुपाऱ्या तिच्या पितळी डब्यात जातात, आणि मला आठवतंय तेव्हापासून तिने बाजारातून सुपारी आणलेली नाही.

आमचं घर आचऱ्याच्या अलीकडे, खाडीकाठी माडांच्या दाटीत. तिथे मोबाइल फक्त वेळ बघायला चालतो. रेंज हवी तर घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, जायचं. तिथे जुन्या चिरेखाणीच्या कडेला ‘रेंजेचो दगड’ आहे. त्याच्यावर डावा पाय ठेवून समुद्राकडे पाठ केली की दोन काड्या येतात. उजवा पाय ठेवला तर एकच. याचं कारण विचारायचं नाही.

तो जानेवारीतला रविवार. मुंबई, हैदराबाद आणि बंगळूर, तिन्हीकडे रेस. “संध्याकाळी एकदाच सगळे निकाल बघून येतो,” मी म्हटलं. काळ्या चष्म्याआडून तात्या म्हणाले, “निकाल काय सुको बांगडो आसा, साठवून ठेवूक? ताजोच होयो.”

पहिल्या खेपेला मी धापा टाकत खाली आलो. “पाच नंबर.”

“नाकान की मानेन?”

मी ते बघितलंच नव्हतं. घोडा किती फरकाने जिंकला त्याची मापं असतात. सगळ्यात कमी म्हणजे नाक, मग डोकं, मग मान, आणि त्यापुढे लांबी. एक लांबी म्हणजे अख्खा घोडा, साधारण आठ फूट. तात्यांच्या मते नाकाने जिंकलेला घोडा नशिबाचा आणि मानेने जिंकलेला मेहनतीचा. त्या घोड्याच्या नाकासाठी मी घाटी दुसऱ्यांदा चढलो. मानेने आला होता.

तिसऱ्या खेपेपर्यंत दगडावर गर्दी झालेली. एक बागायतदार मोहोरावरच्या फवारणीचं औषध पुन्हापुन्हा उच्चारून कुणाला तरी सांगत होते. त्यांच्या मागे एक मुलगी, तिचं “जेवलास काय?” संपेना. तिच्या मागे माझं हैदराबाद. तिच्या फोनपलीकडच्याने बहुधा सोलकढीपासून सुरुवात केली असावी.

दोन खेपांच्या मध्ये विसावा घ्यावा, तर तात्या ज्ञान द्यायचे. आपल्याकडे जातिवंत घोडा कधीही जन्मो, त्याचं वय १ जानेवारीलाच वाढतं. ३१ डिसेंबरला रात्री तीन वर्षांचा असलेला घोडा सकाळी चार वर्षांचा. मला नवल वाटलं नाही. आमच्या गावातले निम्मे म्हातारे मास्तरांच्या कृपेने १ जूनला जन्मलेत, तात्यांसकट. आणि जगातल्या या झाडून साऱ्या घोड्यांचं बापाकडचं कूळ म्हणे तीनच मूळ घोड्यांपर्यंत जातं. आमच्याकडे मानकऱ्यांची घराणीही तीनच आहेत, आणि पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून ती दर वर्षी टापा आपटतात.

“पावसात घोडे रेशीक पुण्याक जातत, आमी गणपतीक गावाक. फरक काय तो इतकोच,” तात्या म्हणाले.

चौथ्या खेपेला मी जरा लवकर आलो. आतून काकीने भिंतीवरचं घड्याळ बघून आरोळी दिली, “तेरा मिनटां!” तात्या खूश झाले, आणि तिथेच माझा घात झाला.

“जो घोडो जिंकता, तेच्यार फुडल्या टायमाक जास्त वजन चढयतत,” ते म्हणाले. “येताना वरसून वायच लाकडां घेवन ये.”

खरंच असतं ते. हँडिकॅपच्या रेसमध्ये चांगल्या घोड्याला जास्त वजन, आणि जॉकी हलका पडला तर खोगिराशी शिशाच्या पट्ट्या. मी पाचव्या खेपेला छोटी मोळी आणली, सहाव्याला मोठी. सातव्याला मुद्दाम हळू चाललो, तर तात्यांना संशय आला. घोडा ओढून धरणाऱ्या जॉकीला स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, निलंबित करतात, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

नवव्या खेपेला मी सड्यावर गेलोच नाही. अर्ध्या घाटीत फणसाखाली बसलो, शर्टाने वारा घेतला, बारा मिनिटं मोजली आणि खाली येऊन ठोकून दिलं, “बंगळूर, सहावी रेस. दोन नंबर. दीड लांबीने.”

तात्या काही बोलले नाहीत. चष्मा काढू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं, तरी तो बोटभर खाली आला.

“झिला, ह्या रेशीत दोन नंबर नायच. सकाळीच काढलो तेका. रेशीचा कार्ड तूच वाचलंस.”

काकीने पदर तोंडाला लावला. मी गुमान परत घाटीला लागलो.

शेवटची रेस मुंबईची. फोटो फिनिश. दगडावर आता मी एकटाच, डावा पाय बधिर, समोर चिरेखाणीत अंधार उतरत होता. दहा मिनिटांनी निकाल लागला. सात नंबर, नाकाने, भाव एकास बारा. तात्यांचाच घोडा! पाच सुपाऱ्या लावलेल्या. मी मोळीबिळी टाकून पळत सुटलो.

खळ्यात तात्या आरामखुर्चीत चष्म्यासकट घोरत होते. काकीने तोंडावर बोट ठेवलं. “खयचो?”

“सात. एकास बारा,” मी कुजबुजलो.

तिने डबा उघडला. तळाशी जेमतेम चाळीस सुपाऱ्या होत्या. तिने त्या हलवून बघितल्या, मनात पाच बारे साठ केलं आणि झाकण घट्ट लावलं.

“झिला,” ती हळूच म्हणाली, “तुझी रेंज गेली हुती मां मगाशी?”