तो खाडा कोणाचा?

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका पेढीवर मी गेली अनेक वर्षे हिशेब लिहितो. कामगार आला नाही की हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे खाडा पडतो आणि शनिवारच्या पगारात तेवढी मजुरी कमी होते, हा आमचा साधा नियम. 2020 च्या मार्चमध्ये, ऐन हंगामात सौदे थांबले आणि टाळेबंदी लागल्यावर हळद निवडणाऱ्या अकरा बायकांच्या नावांपुढे मी माझ्याच हाताने ओळीने खाडे मांडत गेलो. त्या यायला तयार होत्या. रस्त्यावर पोलीस उभे होते. सरकारने बंद केलेल्या कामाचा खाडा मजुराच्या नावावर का पडावा, हे मला अजून उमगलेले नाही.

टाळेबंदीतील मजुरी कपात न करता द्यावी, असा आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने 29 मार्च 2020 रोजी काढला होता. तो 18 मेपासून मागे घेतला गेला आणि 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगारांनी आपसात बोलणी करून तोडगा काढावा, अशी वाट दाखवली. जिथे युनियन आहे तिथे ती बोलते. रोजावरच्या बाईने कोणाशी आणि कशाच्या बळावर बोलायचे? आमच्याकडे बोलणी झाली ती एवढीच, की मालकांनी प्रत्येकीला तीन हजारांची उचल दिली. (माणूस वाईट नव्हे, त्यांचाही माल गोदामात अडकला होता.) पण उचल ही फेडायचीच असते.

सरकारी मदत पोहोचली ती नाव नोंदलेल्यांपर्यंत. नोंदणीकृत बांधकाम कामगारांना राज्याने 2000 रुपये दिले, कारण त्यांच्या मंडळाकडे बांधकामावरील उपकराचा पैसा होता. मात्र त्या नोंदणीला आदल्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार तो सहजासहजी देत नाहीत. हमालांच्या पाठीशी 1969 चा माथाडी कायदा आहे, ज्यासाठी शेजारच्या पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील झगडले. हमालाने उतरवलेल्या त्याच पोत्यातील हळद निवडणाऱ्या बाईचे नाव मात्र माझ्या वहीखेरीज कुठेच नव्हते.

छोट्या व्यापाऱ्यावर तीन महिन्यांची मजुरी एकट्यावर लादली तर पेढी बुडेल, हे हिशेबनीस म्हणून मला मान्य आहे. पण मग भार वाटून घेण्याची रीत आपल्याच जिल्ह्याने शिकवलेली आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि मागितल्यावर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता देणे सरकारवर बंधनकारक ठरले. त्यासाठी शहरातील पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. आजही तो पगाराच्या पावतीवर दिसतो. दुष्काळात खेड्यातील मजुरासाठी जे करता आले, ते साथीत शहरातील मजुरासाठी करता येणार नाही, हे मला पटत नाही. काम सरकारी आदेशाने थांबले तर निम्मी मजुरी सरकारने आणि काही वाटा मालकाने द्यावा, आणि हजेरीच्या वहीतील नाव हाच पुरावा मानावा.

त्या अकरा जणींची उचल मी दर शनिवारी शंभर रुपयांनी वळती करत गेलो. शेवटचा हप्ता 2021 च्या शिमग्याला फिटला, आणि त्यानंतर महिनाभरातच पुन्हा निर्बंध लागले.