फुकटाचे पाच पौंड

परदेशात सहकुटुंब फिरताना पैसे कसे वाचवावेत, यावर मी चारचौघांना न मागता सल्ले देतो. तोच मी परवा लंडनमध्ये, ज्या संग्रहालयाला तिकीटच नाही तिथे पाच पौंड भरून आत गेलो.

लंडनच्या बसमध्ये २०१४पासून रोख पैसे चालत नाहीत. चढताना ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या यंत्रावर कार्ड टेकवायचं, टिंग झालं की पुढे सरकायचं. उतरताना काही नाही. ट्यूबला, म्हणजे भुयारी रेल्वेला, मात्र आत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्हीकडे. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. माणशी एक कार्ड, आणि दिवसभर तेच. सकाळी कार्ड आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून टेकवलंत, तर यंत्र तुम्हाला दोन माणसं समजतं आणि दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त भाडं न कापण्याची सवलत हुकते. अकरा वर्षांखालची मुलं बसमध्ये फुकट. दोन दिवस हे केलं की हाताला असं वळण लागतं की छातीच्या उंचीवर काहीही चकाकलं तरी कार्ड आपोआप पुढे जातं. संग्रहालयाच्या दारात तसंच काहीतरी चकाकलं. टिंग. पडद्यावर आलं, ‘देणगीबद्दल आभार.’

मी ‘मेलो’ म्हणालो. ते मागच्या काकांनी ऐकलं.

“मराठी का? अहो, हे फुकट आहे!”

“माहीत आहे.”

“मग भरलेत कशाला?”

“चुकून.”

“किती?”

“पाच.”

“रुपये?” काकांच्या चेहऱ्यावर खरोखरची आशा होती.

“पौंड.”

काकांनी गळ्यातली पासपोर्टची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग मागे वळून, “अगं, ऐकलंस का? यांचे पाचशेच्या वर गेले. दारातच!” काकूंनी माझ्याकडे, आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

“देवळातसुद्धा दर्शन झाल्यावर टाकतात हो,” काका म्हणाले. “तुम्ही आधीच टाकलेत. आत काही नसलं तर?”

“आत बरंच आहे.”

“बघा मागून परत. ती बाई उभी आहे ना.”

“दानपेटीतून कुणी परत काढतं का काका?”

हे त्यांना पटलं. पण पुढच्या तासाभरात ते मला तीन दालनांत भेटले, आणि प्रत्येक वेळी सोबत नवा सहप्रवासी होता. “हे ते,” ते सांगायचे.

देणगीला माझी हरकत नाही. डिसेंबर २००१पासून इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांची कायमची दालनं सगळ्यांना खुली आहेत. कुणीतरी पैसे द्यायलाच हवेत. पण ‘नक्की ना?’ असं एकदाही न विचारणारं यंत्र नेमकं बसच्या यंत्राच्या उंचीवर कशाला? बरं, फुकट म्हणजे तरी काय? विशेष प्रदर्शनाला तिकीट. सायन्स म्युझियममधला वंडरलॅब, म्हणजे हाताने प्रयोग करून बघायचं दालन, पोरांना हमखास दिसतो, त्यालाही तिकीट; तळघरात लहानग्यांसाठी फुकटचं ‘गार्डन’ आहे, तिकडे आधी न्यावं. स्काय गार्डन या उंच इमारतीच्या माथ्यावरच्या बागेतून शहर फुकट दिसतं, पण आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, आणि बरी वेळ हवी तर तारखा खुल्या होताच, म्हणजे तीनेक आठवडे आधी, टपून बसावं लागतं. फुकटात पैसे लागत नाहीत, फॉर्म लागतात.

खरं फुकट वेगळंच असतं. ग्रिनिचला थेम्सखालून जाणारा १९०२चा पायी बोगदा: वर नदी, खाली पोरांच्या आरोळ्यांचे प्रतिध्वनी. वेधशाळेच्या अंगणात शून्य रेखांशावर उभं राहायला तिकीट आहे. पण तीच रेषा भिंतीबाहेरच्या पायवाटेवरही आखलेली आहे, तिथे एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला ठेवून हवे तितके फोटो काढा. सेंट जेम्स पार्कात १६६४पासून पेलिकन आहेत. दुपारी अडीचच्या सुमारास त्यांना मासे घालतात, तेव्हा पोरं हलत नाहीत. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये डायनाच्या नावाचं क्रीडांगण आहे, मधोमध चाच्यांचं मोठं लाकडी जहाज. ते बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. बरोबर मूल नसेल तर खेळाच्या वेळात मोठ्यांना आत सोडत नाहीत.

हे शेवटचं मी काकांना मुद्दाम सांगितलं नाही.

संध्याकाळी बसथांब्यावर ते पुन्हा भेटले. बस आली. काका चढले, पिवळ्या यंत्रापुढे थबकले, कार्ड छातीशी धरलं. मागे वीसेक माणसं. ड्रायव्हर बघतोय. काकांनी माझ्याकडे वळून विचारलं,

“हे खरं आहे, की हीपण दानपेटी?”