म्हणे 'मिसजज'ला मराठीत शब्दच नाही!

हे फॉरवर्ड आता तिसऱ्या ग्रुपवर आलं. "मिसजज करणे (misjudge, म्हणजे चुकीचं जोखणे) याला मराठीत शब्दच नाही, फक्त गैरसमज आहे, कारण आपल्या लोकांना स्वतःची चूक कबूल करायची सवयच नाही." खाली टाळ्यांचे इमोजी. म्हटलं आता लिहूनच टाकू.

पहिलं म्हणजे गैरसमज हा तो शब्दच नव्हे. गैरसमज होतो तो बहुतेकदा माणसाच्या बोलण्याचा, हेतूचा, नाहीतर एखाद्या गोष्टीच्या माहितीबद्दल. नदीचं पाणी किती खोल याचा कुणाला गैरसमज झाला असं आपण म्हणतो का? तिथे पेपरवाले दर पावसाळ्यात छापतात 'पाण्याचा अंदाज न आल्याने', घाटात गाडी दरीत गेली की 'वळणाचा अंदाज न आल्याने'. आणि यातही गंमत आहे, अंदाज न येणं वेगळं नि अंदाज चुकणं वेगळं. बॉल उंच उडालाय, ऊन थेट डोळ्यात, फिल्डरला बॉल कुठेय तेच कळेना, तर त्याला अंदाज आला नाही. दुसरा मस्त चार पावलं पुढे पळत आला आणि बॉल डोक्यावरून जाऊन मागे पडला, तर त्याचा अंदाज चुकला. मोजताच न येणं आणि मोजलेलं भलतंच निघणं, आपण बोलताना हा फरक सहज करतो, कुणी शिकवत नाही.

मग कुणीतरी म्हणतं, अहो पण ते दोन शब्द झाले, आणि अंदाज तर फारसी. बरं. इंग्रजीतही जजच्या पुढे मिस चिकटवूनच काम भागवलंय ना, आणि जज आला फ्रेंचमधून. फारसी-अरबी बाद करायचं तर तुमच्या फॉरवर्डमधले 'फक्त' आणि 'कबूल' पण काढा, अरबी आहेत दोन्ही.

एकच शब्द हवा असेल तर भुलणे घ्या. 'काय भुललासी वरलिया रंगा' हे चोखोबांनी चौदाव्या शतकात विचारलंय, ऊस वाकडा दिसतो म्हणून रसही वाकडा धरू नका असं. कमी लेखणे आहे, त्यातलं लेखणे म्हणजे मोजणं, गणणं, म्हणजे माप कमी धरलं. थोडक्यावरून भलता निष्कर्ष काढणाऱ्यासाठी सुतावरून स्वर्ग गाठणे आहेच (फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकं हेच केलंय, असो).

राहिलं चूक कबूल करायचं. 'अंदाज चुकला' म्हटलं की चूक अंदाजाची, मी नामानिराळा, हे मान्य. पण 'मी त्याला ओळखायला चुकले' असंही आपण रोज म्हणतोच की. परवा आईने मंडईत चार कलिंगडं टकटक वाजवून, कानाला लावून एक घेतलं, घरी कापलं तर आत पांढरंफटक. सुरी तशीच हातात धरून म्हणाली, "पारखायला चुकले गं मी." कलिंगडवाल्याला एका शब्दाने बोलली नाही.