मंडेला बघताना मटार सोलावेत

तमिळ सिनेमा घरच्यांबरोबर बघायचा तर आधी प्रत्येकाच्या हातातलं काम तपासावं. मराठी मालिका आपण कानांनी बघतो. तेवढ्यात पोळ्या लाटून होतात, इस्त्री होते, जमलं तर भांडणही होतं. सबटायटलांना मात्र डोळे लागतात. माझ्या मते मटार चालतात, ते बोटांना कळतात. तांदूळ निवडायला अजिबात घेऊ नयेत.

मडोन अश्विन यांचा ‘मंडेला’ (2021) असेल तर जोडीला कागद-पेन्सिलही लागते. गावात दोन जाती, दोन गट. पंचायतीच्या अध्यक्षाला दोन बायका, दोन्हीकडची एकेक. त्यांचे दोन मुलगे निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे. कागदावर दोन रकाने आखून कोण कुणाचा ते सुरुवातीलाच लिहून टाकावं, कारण नेमकं तेव्हाच कुणीतरी कुकर बंद करायला उठतं आणि परत आल्यावर ‘हा कोण?’ हे शेवटपर्यंत विचारत राहतं. मतं मोजावीत तर दोन्हीकडे सारखी. उरतं एकच मत, झाडाखाली राहणाऱ्या न्हाव्याचं. हा न्हावी म्हणजे नट योगी बाबू. पोस्टात खातं उघडायला कागद हवा, कागदाला नाव हवं आणि ह्याला धड नावच नाही. मग पोस्टातली तेनमोळी त्याचं नाव ठेवते नेल्सन मंडेला.

राजकारणाचा सिनेमा म्हटल्यावर पडद्यावर पांढऱ्या वेष्ट्या, म्हणजे तमिळ धोतरं, आल्याच आणि सबटायटलंही पांढरीच. म्हणजे पुढारी उभा राहिला की खालची ओळ त्याच्या वेष्टीत विरघळते. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करावीत, त्यांच्यामागे काळी पट्टी लावावी. निम्म्या शिव्या तेव्हा कुठे दिसायला लागतात.

वेगाचं दुखणं मात्र सेटिंगने बरं होत नाही. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटलांचा नियम साधारण असा: एका ओळीत 42 अक्षरं, ओळी दोनच, मुक्काम फार तर 7 सेकंद. शिवाय वाक्य एकदम अख्खं उमटतं. त्यामुळे कॉलेजातली पोरं योगी बाबूने तोंड उघडायच्या आत हसून मोकळी होतात, आपण त्याच्याबरोबर हसतो आणि आजी हसतात तेव्हा पडद्यावर हाणामारी चालू असते. आजींना वाचून दाखवायला कुणी बसलाच, तर त्याने या 7 सेकंदांत वाचायचं, मराठी करायचं आणि ओरडून सांगायचं. तो अर्ध्या मिनिटाच्या जुगलबंदीचं ‘नाही म्हणतोय तो’ एवढंच करतो. या सिनेमाच्या संवादांना राष्ट्रीय पुरस्कार आहे, हे आजींना न सांगितलेलंच बरं.

सर्वांत मोठा धोका घरातल्या राजकीय जाणकाराचा. रिमोट त्याच्या हाती देऊ नये. बरोबरीची मतं दिसताच तो सिनेमा थांबवतो: “अरे, चिठ्ठी टाका की! एवढा खर्च कशाला?” मुद्दा बिनतोड आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीत समान मतं पडली की चिठ्ठी काढतात, बऱ्याचदा एखाद्या लहान पोराच्या हातून. पण हे तिथल्या कुणाला सुचलं असतं तर सिनेमा अर्ध्या तासात आटोपला असता.

पुन्हा सुरू करावा तर दुसरी शंका: अध्यक्ष थेट जनतेतून का? तमिळनाडूत हो. आपल्याकडे सरपंचाच्या बाबतीत 2017 मध्ये हो, 2020 मध्ये नाही, 2022 मध्ये परत हो. यावर तीन सरकारांचा हिशेब निघतो आणि तोवर टीव्हीचा पडदा काळा होतो. तिसरी शंका पक्षाची. गावपातळीवर पक्षाचं चिन्ह नसतं, तिकडेही नाही आणि इकडेही नाही, हे कळल्यावर जाणकार जरा सरसावून बसतो.

“ते ठीक आहे. पण हा न्हावी मुळात आहे कुणाचा माणूस?”

पडद्यावरचे दोन्ही गटही तेच विचारत असतात, फक्त त्यांच्या हातात भेटवस्तू असतात.