खुलासा: रंगाआधी नुसता थिनरचा बोळा पुरत नाही

‘गाडीच्या पॅनलवर रंग मारण्याआधी थिनरचा बोळा फिरवा, मेण-ग्रीस सगळं निघतं, वेगळं क्लीनर लागत नाही’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे.

थिनर मेण विरघळवतो, हे खरं. पण त्याच फडक्याने घासत राहिलं की विरघळलेलं मेण आणि सिलिकॉन पॅनलभर पसरतं. थिनर उडून जातो, ते तिथंच राहतं. मग फवारलेला रंग जागोजागी मागे सरकतो आणि गोल खळगे पडतात, मधोमध प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) उघडा. यालाच फिशआय म्हणतात. साधा लॅकर प्रायमर थिनरने मऊ पडतो, ते वेगळंच.

म्हणून ग्रीस रिमूव्हर, म्हणजे मेण-ग्रीस काढायचं वेगळं क्लीनर, एका फडक्याने लावायचा आणि ओला असतानाच दुसऱ्या कोऱ्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने उचलायचा. फडकं सारखं पलटायचं. घासकामाआधीही हे करा, नाहीतर पॉलिश पेपर मेण ओरखड्यांत दाबून बसवतो. शंका आली तर पाणी शिंपडा: थेंब गोळा झाले तर पॅनल अजून तेलकट आहे. (उघड्या पुटीवर, म्हणजे खड्डे भरायच्या लांबीवर, मात्र पाणी नको, ती ओल धरते.)

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याखाली हे जोडा.